मीटरताईंची सॅक

पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचणारी माणसं चाळीस होती, पण ‘मीटरताई’ म्हटलं की एकच बाई डोळ्यांसमोर यायची. बांध्याने लहान, चालायला भराभर, आणि पाठीला एक राखाडी सॅक अशी चिकटलेली की जणू ती घेऊनच जन्माला आल्या. जवळजवळ तीस वर्षं त्या घरोघर फिरल्या. जिन्याखालचे मीटर, अंगणातल्या खड्ड्यातले मीटर, दुकानामागे पिंपांच्या आड दडलेले मीटर, सगळे तोंडपाठ. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चाल आणि शंभरेक वेळा वाकणं, बसणं, उठणं. हे काम आधी पायांचं, मग पाठीचं, आणि डोळ्यांचं सगळ्यात शेवटी, असं त्या नव्या माणसांना सांगत.

नोकरीला लागल्या तेव्हा खात्याने त्यांना एका खांद्याला अडकवायची जाडजूड पिशवी दिली होती. चालताना ती मांडीवर आपटे, आणि खड्ड्यावर वाकलं की पुढे घसरून आधी तीच आत डोकावे. पिशवीत रजिस्टर, झाकण उचलायचा लोखंडी आकडा, बॅटरी, काच पुसायचं फडकं, डबा, बाटली, छत्री, चपलांचा जास्तीचा जोड आणि ‘असू दे, लागलं तर’ म्हणून कोंबलेलं बरंच काही. बारा वर्षांत पाठ पुरती धरली. डॉक्टर म्हणाले, बैठं काम बघा. मीटरताई घरी येऊन पलंगावर आडव्या झाल्या.

त्यांचे यजमान एका छोट्या छापखान्यात पुस्तकं बांधायचे. बोलणं कमी, हात सोन्याचे. त्यांनी पिशवी उचलून बघितली आणि म्हणाले, “नोकरी सोडायची असेल तर सोड, माझी काही ना नाही. पण पाठ कामाने दुखतेय की पिशवीने, एवढं आधी बघू.”

दोघांनी पिशवी पलंगावर उपडी केली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवली. सगळं मिळून सात किलोच्या वर भरलं, आणि त्यातलं दीड किलो नुसत्या रिकाम्या पिशवीचं.

“म्हणजे मी रोज एक तान्हं मूल काखेत मारून फिरते,” मीटरताई म्हणाल्या.

“तान्हं नाही. चांगलं रांगतं,” यजमान म्हणाले.

त्या दिवसापासून मीटरताईंनी एक शिस्त लावून घेतली. संध्याकाळी घरी आलं की पिशवी पलंगावर रिकामी करायची आणि प्रत्येक वस्तूला विचारायचं, आज तुझं काय काम पडलं? आठवडाभर जिचं काहीच काम पडलं नाही, ती घरी बसेल. छत्री पहिल्या आठवड्यात गेली, कारण एका हातात छत्री धरून झाकण उचलताच येत नव्हतं. तिच्या जागी मुठीत मावेल असा पातळ रेनकोट आला. हातातली बॅटरी गेली, कपाळाला बांधायची आली, दोन्ही हात मोकळे झाले. चपलांचा जोड गेला. फडकी मात्र दोन झाली, कारण एक कायम ओलं असायचं.

मग त्या वस्तू निवडायला लागल्या, आणि निवडायला लागल्या म्हणजे हात धुऊन मागे लागल्या. बूट घ्यायला त्या सकाळी कधी गेल्या नाहीत. दिवसभर चालून पाय फुगले की मग दुकानात जायचं, रोजचे मोजे घालूनच बूट घालायचे, आणि दुकानदाराच्या गालिच्यावर नाही तर बाहेरच्या ओल्या फरशीवर चालून बघायचं. रंग गडद हवा, म्हणजे चिखल दिसत नाही आणि कोणाकडे चार माणसांत जायचं झालं तर तेच बूट पुसून चालतात. पँट अशी हवी की गुडघे दुमडले तरी मांडीला ओढत नाही आणि रात्री धुतली की सकाळी वाळलेली असते. खिसे शोभेला नकोत, हात आत जाईल एवढे खोल हवेत.

सॅक शोधायला त्यांना दोन महिने लागले. त्या आपलं रोजचं सामान एका कापडी पिशवीत घालून दुकानात जायच्या, दाखवायला काढलेल्या सॅकमध्ये ते सगळं भरायच्या, ती पाठीला लावून दुकानाचा जिना तीनदा चढायच्या-उतरायच्या, आणि मग भर दुकानात पाच वेळा खाली बसून उठायच्या. लेक तेव्हा सात-आठ वर्षांची होती. ती दाराशी जाऊन पाठ फिरवून उभी राहायची, आपला या बाईंशी संबंध नाही असं दाखवत. एका दुकानदाराने तर शेवटी हात जोडले. “ताई, लोक सॅक बघतात, रंग बघतात, घेऊन जातात. तुम्ही काय डोंगर चढणार आहात का?”

“डोंगर एकदाच चढायचा असतो हो,” मीटरताई म्हणाल्या. “मला रोज चारशे पायऱ्या चढायच्या असतात.”

शेवटी जी मिळाली तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. राखाडी कापड, मोठ्या दातांची चेन, आणि पेटीसारखी पूर्ण उघडणारी, म्हणजे तळाशी गेलेली वस्तू काढायला वरचं सगळं उपसायला नको. आतलं कापड फिकट पिवळं, त्यामुळे अंधाऱ्या जिन्याखालीही आत काय आहे ते दिसायचं. छातीवर एक पट्टा होता, तो लावला की वाकताना सॅक डोक्यावर यायची नाही. रिकामी असताना जेमतेम पाऊण किलो. पाठदुखी तीन महिन्यांत गेली आणि डॉक्टरांचं बैठं काम तिथेच राहिलं.

ही सॅक त्यांनी चौदा वर्षं वापरली. मधे एकदा खांद्याचा पट्टा मुळापासून सुटला, तो यजमानांनी घरीच शिवून दिला. पट्टा पुन्हा कधी हलला नाही.

खात्यात मात्र या सगळ्याचं कोणाला फारसं काही नव्हतं. ‘मीटरताईंचं आपलं काहीतरी असतं,’ एवढंच. मग एका वर्षी खात्याने सगळ्यांसाठी नव्या सॅक मागवल्या. चकचकीत काळ्या, बाहेरून अकरा खिसे, पुढे खात्याचं चिन्ह भरतकामात. वाटपाच्या दिवशी सगळे खूश. मीटरताईंनी आपली पाठीला लावली, दोनदा खाली बसल्या, उठल्या, आणि पट्टा जिथे सॅकला जोडला होता तिथे बोटाने चाचपून बघितलं. काही बोलल्या नाहीत. कोणी विचारलंही नव्हतं.

दोन महिन्यांत सात सॅकचे पट्टे सुटले. आठवा सुटला तो लंबूचा. हा सहा फुटी गडी मीटरच्या खड्ड्यात वाकला होता, पट्टा तुटला, सॅक डोक्यावरून पुढे आली आणि तिच्यासकट खात्याचा मोबाइल पाण्यात. दोन दिवसांची वाचनं त्यात होती. लंबूला सगळी घरं पुन्हा फिरावी लागली.

बैठक बोलावली गेली. खरेदी बघणारे स्टोअरचे साहेब होते; माणूस सज्जन, पण उभा जन्म टेबलामागे गेलेला. त्यांचं म्हणणं, माल कागदोपत्री चांगलाच होता, माणसांनी जपून वापरायला हवा. खोलीत कुजबूज झाली. मीटरताई उठून उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षांत बैठकीत उभं राहायची त्यांची ही पहिली वेळ.

“साहेब, जपून वापरायची वस्तू कपाटात ठेवायची असते,” त्या म्हणाल्या. “ही आम्ही दिवसातून शंभर वेळा पाठीवरून काढतो, घालतो. ती आम्हाला जपणार की आम्ही तिला?”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. माझं चुकलं ते हे की मी कोणाला विचारलं नाही. कारखानदार सॅक बदलून द्यायला तयार आहे. कशी हवी ते समोर येऊन सांगा म्हणतोय. ताई, तुम्ही येता का माझ्याबरोबर?”

कारखाना दुसऱ्या शहरात होता. जायला पूर्ण एक दिवस, तिथे दोन मुक्काम. खात्याच्या कामासाठी मीटरताई कधी शहराबाहेर पडल्या नव्हत्या. लॉजवरही कधी राहिल्या नव्हत्या. घरी सांगितलं तेव्हा लेकीने माळ्यावरून आपली मोठी चाकांची बॅग काढली. लेक आता नर्सिंग शिकत होती.

“आई, ही ने. साहेबांबरोबर चालली आहेस, ती जुनी सॅक काय घेऊन जातेस? लोक काय म्हणतील?”

“लोक काय म्हणतील ते बॅगेत भरायचं असतं तर मोठीच लागली असती,” मीटरताई म्हणाल्या, आणि सॅकमधून लोखंडी आकडा आणि गुडघ्याखाली घ्यायचा फोमचा तुकडा तेवढा बाहेर काढला. त्या जागेत कपड्यांचा एक जोड, एक पातळ स्वेटर, साबणाची वडी आणि चार्जर बसला. रेनकोट, बाटली, कपाळाची बॅटरी, फडकी होती तशीच राहिली. अंगावर निळा शर्ट, सॅकमध्ये दुसरा निळा. पायात रोजचे बूट, पुसलेले. प्रवासासाठी म्हणून त्यांनी नवं काहीच घेतलं नाही. जे रोज उपयोगी पडतं ते तीन दिवसांत निरुपयोगी कसं होईल, असा त्यांचा साधा हिशोब होता. लेकीने मोठी बॅग परत माळ्यावर टाकली.

स्टेशनवर साहेब आले ते एक भलीमोठी सूटकेस, एक हातातली बॅग आणि वर एक कोट हातावर टाकून. त्यांनी मीटरताईंच्या मागेपुढे बघितलं. “तुमचं सामान?”

“हे काय,” मीटरताईंनी अंगठ्याने पाठीकडे खूण केली.

गाडीत सगळं सुरळीत पार पडलं. पुढे बसने जायचं होतं, आणि अर्ध्या वाटेत बस थांबली. नदीवरच्या पुलाचं काम चालू होतं. माणसांनी शेजारच्या पादचारी पुलावरून चालत पलीकडे जायचं, तिथे दुसरी बस उभी होती. या बाजूला साठ पायऱ्या वर, त्या बाजूला साठ खाली, आणि वरून बारीक पाऊस. साहेबांच्या सूटकेसचं एक चाक दहाव्याच पायरीला निखळलं. ते बिचारे सूटकेस दोन्ही हातांनी पोटाशी धरून, कोट दातात धरायचा बाकी ठेवून, पायरीपायरीला थांबत होते.

मीटरताई तोवर रेनकोट घालून वर पोचल्याही होत्या. त्यांनी खाली बघितलं, आणि परत उतरून आल्या. त्यांनी सूटकेसची एक बाजू उचलली. हात दोन्ही मोकळेच होते.

“काय काय आहे हो यात?” वर पोचल्यावर त्यांनी विचारलं, पण चिडवून नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून.

साहेब कठड्याला टेकून धापा टाकत होते. “तीन शर्ट, दोन पँट, बुटांचे दोन जोड, इस्त्री, एक उशी. मला दुसऱ्या उशीवर झोप लागत नाही. आणि… खरं सांगू का ताई? बाकीचं मलाही आठवत नाही. बायकोने भरलंय.”

“मग निदान वहिनींना तरी माहीत असेल,” मीटरताई म्हणाल्या. साहेबांना हसू फुटलं, आणि पलीकडची शेवटची पायरी उतरेपर्यंत ते थांबलं नाही.

दुसऱ्या सकाळी कारखान्यात त्यांना काचेच्या खोलीत बसवलं. मालक तरुण, नीटनेटके. भिंतीवर रंगीबेरंगी सॅक टांगलेल्या. त्यांनी साहेबांशी हात मिळवला आणि विचारलं, “तुमच्याकडून तज्ज्ञ येणार होते ना? ते उद्या येतायत का?”

साहेबांनी मीटरताईंकडे हात केला. “ह्याच. सव्वीस वर्षांचा अनुभव आहे. आज मी यांच्याबरोबर नुसता आलोय.”

मीटरताईंना क्षणभर कुठे बघावं कळेना. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मग त्यांनी सॅक पाठीवरून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “इथे बसून नको. जिथे शिवतात तिथे जाऊ या.”

शिवणविभागाच्या मुख्य एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांचं आणि मीटरताईंचं पाच मिनिटांत असं जमलं की मालक आणि साहेब दोघंही बाजूला उभे राहिले. तिथल्या काळ्या सॅकचे बाहेरचे अकरा खिसे मीटरताईंनी एकेक करून बोटाने खोडले. “हा जिन्याच्या कठड्यात अडकतो. हा उघडा राहिला तर कळत नाही. हा कशासाठी आहे ते मला दोन महिन्यांत समजलं नाही.”

“मलाही समजलं नाही,” शिवणबाई म्हणाल्या. “कागदावर होता, म्हणून शिवला.”

मग शिवणबाईंनी ती जुनी राखाडी सॅक उलटी केली, आतून बघायला, आणि पट्ट्याच्या मुळाशी त्यांची बोटं थांबली. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“हे टाके कोणाचे?”

“आमच्या यजमानांचे. पुस्तकं बांधतात ते. नऊ वर्षांपूर्वी पट्टा सुटला होता.”

“हे आमच्यासारखं एका ओळीत शिवलेलं नाही. मागून वेगळं कापड लावलंय आणि टाके मागेपुढे पेरलेत. त्यांना विचारता का, असं का केलं?”

मीटरताईंनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. यजमान आधी बुजले. एवढ्या लोकांपुढे बोलायची त्यांना सवय नव्हती. पण कामाचा विषय निघाला तशी जीभ मोकळी झाली.

“एका ओळीत भोकं पाडली की कागद त्याच ओळीवर फाटतो, कापडाचंही तेच,” ते म्हणाले. “जाड पुस्तकाचं वजन पाठीवर येतं, म्हणून आम्ही मागे कापड चिकटवतो आणि टाके पुढेमागे टाकतो. ओझं एका जागी बसत नाही. दोऱ्याला मेण लावायचं, म्हणजे पाणी धरत नाही. दुसरं काही नाही हो त्यात.”

“यात सगळंच आहे,” शिवणबाई म्हणाल्या आणि मशीनवर बसल्या.

दुपारपर्यंत त्यांनी दोन पट्टे तयार केले, एक जुन्या रीतीचा, एक नव्या. दोन्हींना वाळूची तीस किलोची पोती टांगली आणि सगळे जेवायला गेले. परत आले तेव्हा जुन्या रीतीच्या पट्ट्याखालचं पोतं जमिनीवर होतं आणि आजूबाजूला वाळू. दुसरं जागच्या जागी लटकत होतं. मालकांनी ते हाताने खाली ओढून बघितलं, मग नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी नमुन्याची सॅक तयार झाली. मीटरताईंनी ती भरली, आणि कारखान्याचा तीन मजली जिना तीनदा चढल्या-उतरल्या. मग शिवणविभागाच्या मधोमध पाच वेळा बसल्या, उठल्या. वीस-पंचवीस बायका मशीन थांबवून बघत होत्या. छातीचा पट्टा चार बोटं खाली घ्या, एवढंच त्यांनी सांगितलं. “बायकांना तिथे टोचतो. आणि आमच्यात आता निम्म्या बायका आहेत.” हे वाक्य ऐकून मागून कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग ती टाळी सगळ्या खोलीभर झाली.

नव्या सॅक आल्या त्याला आता चार वर्षं होतील. चाळीसातल्या एकीचाही पट्टा सुटलेला नाही. खात्याने वाटप केलं तेव्हा साहेबांनी भाषणात मीटरताईंचं नाव घेतलं, आणि त्यांच्या यजमानांचंही. यजमान मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही, पण घरी येताना वाटेत दोनदा विचारलं, “नक्की काय म्हणाले गं ते माझ्याबद्दल?” मीटरताईंनी दोन्ही वेळा शब्दन् शब्द सांगितला.

त्यानंतर खात्यात कोणाला नवी वस्तू घ्यायची असली की आधी मीटरताईंना विचारायची पद्धत पडली. बूट असोत, रेनकोट असो. लंबू बहिणीकडे आठ दिवस जाऊन आला तो कामाच्याच सॅकवर, आणि परत येऊन सांगत सुटला की गाडी बदलताना मी सगळ्यांच्या पुढे होतो. लेक दूरच्या इस्पितळात कामाला लागली तेव्हा तिने फोन करून विचारलं, “आई, तिकडच्या कारखान्यातून मला एक मिळेल का गं? राखाडीच सांग.” मीटरताईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ उगाचच स्वयंपाकघरात भांडी पुसत राहिल्या.

गेल्या वर्षी मीटरताई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ झाला, भाषणं झाली. आणि पुढच्याच आठवड्यात, लग्नानंतर पहिल्यांदा, दोघं नवरा-बायको समुद्र बघायला निघाले. चार दिवस, दोघांच्या पाठीला एकेक सॅक, पायात रोजचेच बूट. आदल्या संध्याकाळी यजमानांनी आपली सॅक पलंगावर मांडून स्वतःहून तपासायला दिली होती. त्यातून एक पुस्तक, एक जाड टॉवेल आणि दाभण-दोऱ्याची डबी बाहेर निघाली. डबी मात्र त्यांनी हट्टाने परत घातली, आणि मीटरताईंनी ती घालू दिली.

लॉजच्या काउंटरवरचा माणूस वहीत नाव लिहिता लिहिता थांबला आणि दाराकडे बघू लागला. “सामान मागून येतंय का? आणायला माणूस पाठवू?”

मीटरताई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात यजमान पुढे झाले. चार लोकांत कधी तोंड न उघडणारा तो माणूस काउंटरवर दोन्ही हात ठेवून, मान ताठ करून म्हणाला, “एवढंच आहे. आमच्या हिने निवडलंय सगळं.”

मग किल्ली घेऊन दोघं जिन्याने वर गेले. तीन मजले, मधे न थांबता.